सगळे निघाले, सगळे परतले : बेळगावात हौशी सायकल टीम उभी करायची रीत

हौशी टीमला पगार नाही, बक्षीस नाही, मालक नाही. सोमवारी सकाळी कुणाला दुकान उघडायचं असतं, कुणाला शाळेत हजेरी घ्यायची असते, कुणाला उद्यमबागेतल्या कारखान्यात पहिल्या पाळीला उभं राहायचं असतं. अशा माणसांना रविवारी पहाटे पाच वाजता पांघरुणातून बाहेर काढणारं एकच कारण असतं: गेल्या रविवारी मजा आली होती. म्हणून टीम चालवणाऱ्याने वेग, अंतर, सायकलींच्या किमती या सगळ्याच्या आधी एक कसोटी पक्की करावी. जितके निघाले तितके एकत्र परत आले का? एकदा मागे सुटलेला माणूस पुढच्या रविवारी गजर लावत नाही, आणि असे चार जण सुटले की टीम मोडते. खाली जे लिहिलं आहे ते सगळं या एका कसोटीसाठी आहे.

सायकलसाठी बेळगाव फार गुणी गाव आहे. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंची असल्यामुळे भर उन्हाळ्यातही पहाट सोसवते. पश्चिमेला खानापूर आणि चंदगडचे चढ-उतार, पूर्वेला गोकाककडचा मोकळा मुलूख, आणि वीस-पंचवीस किलोमीटरांत दुसरं राज्य.

पायरी पहिली : माणसं जमवा

सुरुवातीला सहा ते दहा जण पुरेत. बारांच्या वर गेलात की सरळ दोन गट करा, नाहीतर पुढचा हिंडलग्यात आणि मागचा अजून कॅम्पात अशी गत होते. माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या जागेत पहाटे चालायला येणाऱ्यांत निम्मे जण असे सापडतात की ज्यांच्या घरी जिन्याखाली एक सायकल धूळ खात पडलेली असते.

बेळगावच्या कुठल्याही टीममध्ये काही माणसं हमखास येतात. त्यांना बदलायच्या भानगडीत पडू नका, त्यांच्या स्वभावाला शोभेल असं काम द्या.

एक असतात सुभेदार. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र या गावात असल्यामुळे निवृत्त फौजी इथे गल्लोगल्ली आहेत. साडेपाचची वेळ ठरली की हे पाच वीसला हजर असतात, सायकल पुसलेली, बाटली भरलेली, आणि पाच एकतीसला ते घड्याळाकडे नव्हे तर तुमच्याकडे बघतात. वेळेचं खातं डोळे झाकून त्यांच्याकडे द्या.

दुसरा असतो ‘निघालो’. फोन केला की म्हणतो, “निघालो की, सेकंड गेटला हाय,” आणि मागे बादलीत नळ पडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. त्याच्यावर रागावून उपयोग नाही, माणूस लाखमोलाचा असतो, वाटेत सगळ्यांना हसवतो. त्याच्यासाठी एकच उपाय लागू पडतो: जमायची जागाच त्याच्या दारात ठेवा. आठ सायकली अंगणात उभ्या राहिल्या की आईच त्याला उठवते, आणि सगळ्यांना चहाही मिळतो.

तिसरा गिअरवाला. त्याला साखळीला किती कड्या, मागच्या चाकावरच्या गिअरच्या चकत्यांना, म्हणजे कॅसेटला, किती दात, टायरला किती हवा हे सगळं तोंडपाठ असतं. तुम्ही नुसतं “सायकल जरा कुरकुरते” म्हणा, तो तिथंच गुडघ्यावर बसतो. दुरुस्तीची पिशवी त्याची. मात्र निघण्याआधी दहा मिनिटं त्याला कुणाच्याही सायकलला हात लावू देऊ नका, नाहीतर सूर्य उगवेपर्यंत ब्रेकची तार ताणणं चालू राहतं.

चौथे काका. येळ्ळूर, कडोली, उचगाव अशा कुठल्यातरी गावचे. पूर्वी दुधाचे कॅन लावून रोज शहरात आलेले, सायकल तीच जुनी, काळी, एका गिअरची. पहिल्या दिवशी सगळे त्यांची काळजी करतात. चढ लागला की काका बोलणं न थांबवता पुढे जातात आणि वर जाऊन सगळ्यांसाठी सावली शोधून ठेवतात. पहिला तासभर त्यांनाच पुढे ठेवा. त्यांचा वेग कधी वाढत नाही, कधी कमी होत नाही, आणि नवख्यांना नेमकी तीच चाल हवी असते.

महिला सदस्य असतील, आणि असाव्यातच, तर दोन गोष्टी आधी ठरवा. थांबे असे निवडा की जिथे बरं स्वच्छतागृह आहे. आणि अंधारात जमायच्या जागेपर्यंत कुणालाही एकटं यावं लागू नये. शेजारच्या गल्लीतल्या दोघा-तिघांनी मिळून निघावं. कॉलेजातल्या मुलीच्या घरी पहिल्या राइडआधी टीममधल्या एखाद्या वहिनीने जाऊन बोलून यावं. घरच्यांचा प्रश्न सायकलचा नसतो, सोबत कोण आहे याचा असतो.

पायरी दुसरी : वार, वेळ आणि फाटक

रविवार, सकाळी साडेपाच. उन्हाळ्यात पाच. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे दीड तास अंधारात जातो. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा नसलेल्याने घरीच झोपावं, यात मैत्री आड आणू नका.

टिळकवाडीतून निघणाऱ्या टीमला रेल्वे फाटकाचा नियम आधीच ठरवावा लागतो. सेकंड गेट पडलं की टीमचे दोन तुकडे होतात: चौघं पलीकडे पोचलेले, पाच जण अलीकडे, आणि मधून मालगाडीचे डबे संपता संपत नाहीत. अशा वेळी एखाद्याला दांड्याखालून सायकल आडवी करून जायची हुक्की येते. इथे कडक राहा. सायकल शर्यतींत हा नियम इतका पक्का आहे की २००६ च्या पॅरिस-रूबे शर्यतीत बंद फाटक ओलांडल्याबद्दल दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकावर आलेल्या तिघांनाही शर्यतीनंतर बाद ठरवलं गेलं. सहा-सात तास दगडी रस्त्यांवर रक्त आटवलेली माणसं ती. आपल्याला तर फक्त सीमेपलीकडच्या शिनोळीला जाऊन चहा प्यायचा आहे. पलीकडच्यांनी थांबायचं, अलीकडच्यांनी पाणी प्यायचं.

वर्षाच्या दिनदर्शिकेवर काही रविवार आधीच काट मारून ठेवा. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीच्या रात्री आणि गणपती विसर्जनाच्या रात्री अर्धी टीम मिरवणुकीत जागी असते, दुसऱ्या सकाळी ते सायकलवर बसले तरी डोळे मिटलेले असतात. १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या आणि सीमाभागातल्या मराठी माणसांच्या काळ्या दिवशी, शहरातले रस्ते दोन्ही बाजूंच्या मिरवणुका आणि फेऱ्यांनी भरलेले असतात, त्या दिवशी राइड ठेवू नका. टीममध्ये मराठी, कानडी, कोकणी, उर्दू बोलणारे सगळे असतात. त्या दिवशी कोण कुठे जातो हा ज्याचा त्याचा प्रश्न; पुढच्या रविवारी मात्र सगळ्यांनी एकाच रांगेत यावं.

पायरी तिसरी : सायकल जागेवर आणा

नवीन सायकल घ्यायची घाई कुणालाही करू देऊ नका. आहे त्या सायकलची सीट आधी योग्य उंचीवर घ्या. आपल्याकडे दहातल्या सात जणांची सीट खाली असते, कारण थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत अशी लहानपणापासूनची सवय. साधी रीत अशी: भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग प्रत्यक्ष चालवताना चवडा पेडलवर आला की गुडघ्यात हवी तेवढी वाक राहते. गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडलेल्या कितीतरी जणांना हा एक बदल पुन्हा रस्त्यावर आणतो.

टायर २८ ते ३२ मिलिमीटर रुंदीचा असेल तर आपल्या भागातल्या रस्त्यांवर सुख लागतं. सत्तर किलोच्या माणसाने २८ च्या टायरमध्ये ७० ते ८० पीएसआय हवा भरावी, जाड टायरच्या हायब्रिड सायकलला ५० ते ६० पुरे. दगडासारखी कडक हवा म्हणजे वेग हा गैरसमज आहे. खानापूर बाजूच्या खरबरीत रस्त्यावर कडक टायर उडत राहतो आणि दम फुकट जातो.

रेसिंग सायकलच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, त्याला पेट्रोल पंपावरची नळी बसत नाही. एक छोटं पितळी अडॅप्टर मिळतं, पाकिटात नाण्यांच्या कप्प्यात मावतं. प्रत्येकाने ते जवळ ठेवावं. नाहीतर गावच्या पंक्चरवाल्याच्या दुकानासमोर सगळी टीम त्या व्हॉल्व्हकडे बघत उभी राहते, आणि गावातली पोरंही येऊन बघत उभी राहतात.

पिशवीत प्रत्येकी एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, हातपंप, षटकोनी पाने, साखळीची एक जोडकडी आणि हातमोज्यांची जुनी जोडी. ट्यूब एकमेकांच्या भरवशावर ठेवू नका. सगळ्यांनी दुसऱ्याकडे असेल असं धरलं की कुणाकडेच नसते.

हेल्मेटबद्दल चर्चा नाही. मार्च २००३ मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव्ह हा सायकलपटू पडून मरण पावला, तेव्हापासून व्यावसायिक शर्यतींतही ते सक्तीचं झालं. काका पहिल्यांदा टोपीवरच येतील. त्यांना टीमने मिळून हेल्मेट घेऊन द्या. मग ते चहा पितानासुद्धा काढत नाहीत.

पायरी चौथी : रांगेत चालायला शिका

टीम म्हणून चालणं आणि दहा जणांनी एका रस्त्यावर चालणं यात सगळा फरक इथे पडतो.

पुढच्या सायकलच्या मागे नीट राहिलं तर मागच्याला वाऱ्याचा मार कमी लागतो आणि त्याची चौथा हिस्सा तरी मेहनत वाचते. म्हणून पुढचा दमायच्या आधी बदलायचा. एक-दोन मिनिटं पुढे, मग बाजूला सरकून हळू होत रांगेच्या शेवटी. पावली घालणाऱ्या दिंडीत टाळकरी जसे एका लयीत पुढे-मागे होतात, तशी ही फिरती रांग जमली की वीसच्या वेगाला बावीस कधी झाले ते कळत नाही.

जमेपर्यंत मात्र गंमत असते. नवखा माणूस पुढे आला की त्याच्या अंगात येतं. मागे आठ जण आहेत, आता दाखवलंच पाहिजे असं वाटून तो एकदम वेग वाढवतो, आणि अर्ध्या किलोमीटरने वळून बघतो तर मागे कुणी नसतं, फक्त एक म्हैस असते. त्याला आधीच सांगून ठेवा: पुढे आल्यावर वेग वाढवायचा नाही, होता तोच ठेवायचा. त्याच्या अगदी मागच्याने दर मिनिटाला “बरोबर हाय, असंच” एवढं म्हणत राहावं. माणूस शांत होतो.

सुरुवातीला दोन सायकलींत एका सायकलीएवढं अंतर ठेवा. महिन्या-दोन महिन्यांनी कमी करा. पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक कधीही समांतर आणू नका. पुढचा जरा सरकला की चाकाला चाक लागतं, आणि पडतो तो मागचा.

हाका आधी ठरवा आणि सगळ्यांनी त्याच वापरा. कानडी मित्र एक शब्द ओरडतो, मराठी मित्र दुसरा, आणि तिसरा “काय म्हणाला?” असं विचारेपर्यंत खड्डा येऊन गेलेला असतो. चार हाका पुरतात: खड्डा, हंप, गाडी, कुत्रं. प्रत्येक हाकेबरोबर हाताची खूण. पुढच्याने दिलेली हाक मागच्या प्रत्येकाने पुढे सरकवायची. “कुत्रं” ही हाक आली की वेग वाढवायचा नाही. कुत्रं धावणाऱ्याच्या मागे लागतं. हळू व्हा, आवाज चढवून “हाड” म्हणा, गरज पडली तर उतरून सायकल मध्ये धरा. गावच्या वेशीवरचं कुत्रं तिसऱ्या-चौथ्या रविवारी ओळखायला लागतं. काकांनी त्याला बिस्कीट टाकायला सुरुवात केली असेल तर मात्र ते पुढच्या फाट्यापर्यंत सोबत येतं.

दिवाळीच्या आसपास गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर येतात, मागे दोन-दोन ट्रॉल्या. पहाटेच्या अंधारात ट्रॉलीला मागचा दिवा नसतो असं धरूनच चाला. वळताना मागची ट्रॉली आत खेचली जाते, तेव्हा ट्रॅक्टरच्या बाजूने कधीही घुसू नका. आणि चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढायचा मोह, जो बेळगावात वाढलेल्या प्रत्येकाला होतो, तो सायकलवर बसलेला असताना आवरा. ऊस हवा असेल तर रस्त्याकडेला शेतकरी उभा असतो. मागितला की देतो, वर “कुठनं आलात, कुठं जाऊलालाय” अशी चौकशी करतो, आणि दहा मिनिटं छान जातात.

चंदगड-खानापूर भागात सुगीत मळणीसाठी पिकं रस्त्यावर पसरलेली असतात. त्यावरून सायकल नेऊ नका. काड डिरेल्युअरमध्ये, म्हणजे साखळी सरकवून गिअर बदलणाऱ्या भागात, गुंडाळलं की चाक जाम होतं, आणि दुसऱ्याच्या धान्यावरून चाक नेणं तसंही बरं नाही. उतरून कडेने चालत जा.

सगळ्यात शेवटी एक अनुभवी माणूस रोज ठेवायचा. त्याने कुणालाही आपल्या मागे पडू द्यायचं नाही, कितीही हळू जावं लागलं तरी. टीममधलं सगळ्यात मोठं काम हेच. टूर द फ्रान्समध्ये २०१८ पासून प्रत्येक टीममध्ये ८ जण असतात. त्यातले बहुतेक जण स्वतः जिंकायला आलेलेच नसतात. नायकाला वाऱ्यापासून झाकणं, गाडीकडे मागे जाऊन सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या जर्सीत खोचून आणणं, पंक्चर झालं तर आपलं चाक काढून देणं हे त्यांचं काम असतं. आपल्या टीममध्ये नायक दर रविवारी बदलतो, म्हणजे त्या दिवशी ज्याला सगळ्यात जड जातं तो आपला नायक.

पायरी पाचवी : रस्ते क्रमाने वाढवा

पहिला महिना राकसकोप. हिंडलगा, बेळगुंदी करत जलाशयापर्यंत जाऊन परत. शहराला पाणी पुरवणारं मार्कंडेय नदीवरचं हे धरण सगळ्यांच्या ओळखीचं असतं. रस्ता फार कठीण नाही, पण वर-खाली इतका आहे की गिअर कधी बदलायचे ते आपोआप कळतं. चढ सुरू व्हायच्या आधी गिअर हलका करा. चढात जोर लावलेला असताना बदललात तर साखळी कडकडते आणि गिअरवाला रांगेतूनच ओरडतो.

दुसऱ्या महिन्यात येळ्ळूरचा राजहंसगड. अंतर पंधराएक किलोमीटर, शेवटचा चढ मात्र छातीत बसणारा. इथे पहिल्यांदा कुणीतरी उतरून सायकल ढकलणार. टीमने त्याच दिवशी ठरवून टाकावं की ढकलत नेणं हे चढणंच आहे. वर गेल्यावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्यासमोर सगळे बसले की कोण चढून आला आणि कोण ढकलत आला हे कुणी विचारत नाही.

मग शिनोळी. वेंगुर्ला रस्त्याने बाची ओलांडली की कोल्हापूर जिल्हा सुरू. पहिल्यांदा सीमा ओलांडली की प्रत्येक जण थांबून फोटो काढतो आणि घरी “दोन राज्यं फिरून आलो” असं कळवतो. बायको विचारते, “नाश्त्याला येणार की तिकडंच?” सीमेवर आणखी एक गोष्ट ठरलेली: कुठल्या राज्याचा रस्ता चांगला यावर वाद. डांबराचा प्रत्येक पट्टा तपासला जातो, आणि परत येईपर्यंत निकाल उलटलेला असतो. शिनोळीहून देवरवाडीचा वैजनाथ आणि वर महिपालगड हा पुढचा टप्पा. गडावर गाव आहे, पाणी मिळतं. तिथला उतार येताना जपून. दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत सोडत या, सलग दाबून ठेवलेत तर रिम तापते.

पिरनवाडी, किणये करत जांबोटी हा चौथ्या महिन्यापासूनचा रस्ता, एका बाजूने तीसेक किलोमीटर. जंगल सुरू होतं, फोनची रेंज तुटक होते, म्हणून घरी परतायची वेळ आधीच सांगून ठेवा. त्यापुढे कणकुंबी, जिथे मलप्रभा उगम पावते, आणि मग चोर्ला घाट. घाटात अवजड वाहनं असतात. तिथे दोन-दोन जणांनी शेजारून चालायचं नाही.

वाऱ्याचा हिशेब धरून दिशा ठरवा. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, तेव्हा आधी पश्चिमेला जा म्हणजे दमल्यावर पाठीवर वारा येतो. हिवाळ्यात सकाळचा वारा बहुधा पूर्वेचा, तेव्हा सांबऱ्याकडे किंवा गोकाक धबधब्याच्या साठेक किलोमीटरच्या वाटेला लागा.

पायरी सहावी : खाणं आणि चहा

तासाभराच्या राइडला घरून निघताना पाणी पुरे. दोन तासांच्या वर जायचं असेल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं आणि अर्धा ते पाऊण लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे. मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, म्हणजे तासाला दीड-दोन केळी. परदेशी जेलच्या पुड्यांची आपल्याला गरज नाही. बेळगावच्या पश्चिम भागातलं रताळं, उकडून मीठ लावून कागदात गुंडाळलेलं, यापेक्षा चांगलं सायकलखाद्य मी पाहिलेलं नाही. खिशात चुरगळत नाही, पोटात जड होत नाही, आणि पहाटे गरम असेल तर हातही शेकतात. शेंगदाणे-गूळही उत्तम.

कुंदा, बेळगावची ती दुधाची मिठाई, कुणीतरी आणणारच. आणणाऱ्याला थांबवू नका, पण डबा परतीच्या शेवटच्या थांब्यावर उघडायचा असा नियम करा. पहिल्या थांब्यावर उघडला तर पुढची राइड बहुधा होत नाही.

चहाचा थांबा वीस मिनिटांचा. तो चाळीस कसा होतो ते सगळ्यांना माहीत आहे: एक प्लेट कांदाभजी “सगळ्यांत” मागवली जाते, ती येईपर्यंत दुसरी सांगितली जाते, मग कुणीतरी मिसळीचा वास घेतो. यावर एक रामबाण उपाय सांगतो. हेल्मेट काढायचं नाही. हेल्मेट डोक्यावर असलं की माणूस खुर्चीत मागे रेलत नाही. ज्याने काढलं त्याने बिल द्यायचं असं ठरवलंत तर आणखी बरं.

बिलावरून होणारी झटापट हा वेगळा प्रकार. गल्ल्यापाशी दोघं एकमेकांचे हात धरून “मी देतो, तू गप की” म्हणत उभे राहतात, बाकीचे सायकलवर बसून ऊन तापताना बघतात. दर रविवारी प्रत्येकी पन्नास रुपये आधीच एका माणसाकडे जमा करा. पैसे कुणी द्यायचे हा प्रश्नच उरत नाही, आणि उरलेल्यातून वर्षाअखेर ट्यूब घेता येतात.

पायरी सातवी : पाऊस

पाऊस आहे म्हणून राइड बंद ठेवली तर बेळगावात चार महिने सायकल निघणार नाही. मडगार्ड लावा, स्वतःपेक्षा मागच्याच्या तोंडासाठी. रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि रेल्वेचे रूळ ओले असताना काचेइतके निसरडे होतात. रूळ नेहमी काटकोनात ओलांडा. अंतर दुप्पट ठेवा. परतल्यावर आंघोळीच्या आधी साखळी फडक्याने कोरडी करून तेलाचा एकेक थेंब प्रत्येक कडीला द्या. खानापूरची तांबडी माती ब्रेकमध्ये वाळली की रिम खाते, ती पाण्याने सोडवून काढा, खरवडू नका.

पायरी आठवी : जर्सी

टीम सहा महिने टिकली की जर्सीचा विषय निघतो, आणि तिथे सगळ्यांची खरी परीक्षा असते. रंगावर मत मागू नका. तीन नमुने ठेवा, हात वर करायला लावा, संपवा. भडक पिवळा किंवा नारिंगी असावा, धुक्यात दिसतो. नाव देवनागरी आणि कानडी अशा दोन्ही लिप्यांत घाला, पुढे एक, मागे एक, अक्षरं सारख्याच आकाराची. गाड्या मागून येतात म्हणून मागची बाजू जास्त लोक बघतात हा मुद्दा कुणीतरी काढेलच. मग दर वर्षी बाजू बदलायची असं ठरवा, जर्सी तशीही वर्षभरच टिकते.

माप मात्र तोंडी विचारू नका. प्रत्येक जण लग्नातल्या शर्टाचं माप सांगतो. टेप घ्या, सुभेदारांना छाती-पोट मोजायला लावा, आणि आकडा मोठ्याने न वाचता कागदावर लिहा.

व्हॉट्सअ‍ॅपचे दोन गट करा. एकात फक्त वेळ, जागा, रस्ता आणि कोण येणार. शुभ सकाळ, वाढदिवस आणि नव्या चाकांच्या किमती दुसऱ्यात.

पायरी नववी : आंबोली, आणि त्यापुढे

वर्षातून एकदा मोठी राइड हवी, आणि बेळगावच्या टीमसाठी ती आंबोलीचीच. जाताना ६५ ते ७० किलोमीटर, परत तेवढेच. नोव्हेंबर-डिसेंबर उत्तम. वर्षाला सात हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या गावात जुलैच्या रविवारी जाल तर धबधब्याच्या गर्दीत सायकल खांद्यावर घ्यावी लागेल.

सहा आठवडे आधीपासून रविवारचं अंतर थोडं थोडं वाढवा, शेवटच्या आठवड्यात कमी करा. सोबत एक गाडी ठेवा. चालवायला ज्याला त्या दिवशी सायकल चालवायची नाही पण यायचं आहे असा माणूस प्रत्येक टीममध्ये असतो. गाडीत पाणी, केळी, ट्यूबा, प्रथमोपचार. प्रत्येकाच्या खिशात एक कागद: नाव, रक्तगट, घरचा फोन, चालू असलेली औषधं. दोन्ही राज्यांत रुग्णवाहिकेला १०८ आणि इतर मदतीला ११२. फोन केला की आधी जवळच्या गावाचं नाव आणि किलोमीटरचा दगड सांगा, मग बाकीची हकीकत.

शंभर किलोमीटरनंतर सगळे गप्प होतात. तेव्हा वेग दोनने कमी करा, थांबे लवकर घ्या, आणि ‘निघालो’ला रांगेच्या मधोमध ठेवा. त्याची बडबड त्या वेळी रताळ्याइतकीच उपयोगी पडते.

आंबोली निभावली की कुणीतरी ब्रेव्हेचा, म्हणजे वेळेच्या मर्यादेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडचा, विषय काढेल. ऑडॅक्स या नावाने चालणाऱ्या या राइडमध्ये शर्यत नसते, पहिला आलेल्याला काही मिळत नाही, फक्त ठरलेल्या वेळेत पूर्ण करायचं: २०० किलोमीटर १३ तास ३० मिनिटांत, ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४०. हौशी टीमच्या स्वभावाला हे अगदी जुळतं. मात्र तिथे तुमची सोबतची गाडी वाटेत मदत करू शकत नाही, जे लागेल ते स्वतःच्या सायकलवर न्यायचं. सगळ्यांनी एकाच दिवसाचं नाव नोंदवा आणि सरासरी वेग थांबे धरून १७-१८ ठेवा, म्हणजे दोन पंक्चर आणि एक निवांत जेवण सहज बसतं. रात्री लागणारं परावर्तक जाकीट आणि जादा दिवा आधीच बांधून घ्या. ठरलेल्या थांब्यांवर शिक्के घ्यायचं ब्रेव्हेचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीच्या बाजूला ठेवा, पाठीच्या खिशात घामाने शाई पसरते. आणि प्रत्येक थांब्यावर शिक्का आधी, चहा नंतर.